मुठीतलं भात

“तुमच्या वाडीवरची पोरं अशीच असतात. तुम्ही शाळेत घालत नाही, घरात कोणी बोलत नाही, मग मुकी राहतात. त्याला आजार म्हणत नाहीत.”

टेबलामागचे डॉक्टर हे मोठ्याने म्हणाले. शहापूरच्या शिबिराच्या हॉलमध्ये सगळ्या रांगेने ऐकलं. मागे कोणीतरी हसलं. माझी सात वर्षांची शेवंती फरशीवर बसून सालीचं भात या मुठीतून त्या मुठीत ओतत होती.

ऑटिझम हा शब्द मला वाडीवर येणाऱ्या सरकारी दवाखान्याच्या आशाताईने सांगितला. म्हणाली, सरकारने अशा पोरांसाठी निधी दिलाय. शहापूरला वर्ग निघणार, बोलायला शिकवणाऱ्या बाई येणार. जागा थोड्या, शिबिरात निवडतील. माझा जीवच हरखला म्हणा ना. शेवंती मला अजून एकदाही आई म्हणालेली नाही. एसटीचा हॉर्न वाजला की ती कान दाबते आणि डोकं जमिनीवर आपटते. तिच्या कपाळावर जुन्या खोकांचे वण आहेत.

आणि त्या दिवशी मी काय करावं? तिला न्हाऊ घातलं. चांगला फ्रॉक मागून आणला. तेल लावून केस कपाळावर ओढले, वण झाकले. माझ्या आईने मला हेच शिकवलं होतं. शेतमालकाच्या ओटीवर जायचं तर नीटनेटकं जायचं, पोरांचा आवाज नको, आपलं दुखणं घरी ठेवायचं. तरच काम मिळायचं. म्हणून मी पदराच्या गाठीत भातही नेलं. झोडणीच्या वेळी खळ्यावर मला कळलं होतं, भातात हात घातला की ही पोर शांत होते.

दुखणं दाखवायला गेले, आणि जाताना तेच झाकून नेलं. बावळटच मी.

“साहेब, ती डोकं आपटते,” मी म्हणाले. केस मागे सारून कपाळ दाखवलं.

“पोरं पडतातच. आपटते तर आत्ता का नाही आपटत? ते भात काढ हातातलं. बघू काय करते.”

मी खाली वाकले. तिचं मनगट धरलं. शेवंती कोणाच्या डोळ्यांत बघत नाही, माझ्याही नाही. पण तिची मूठ घट्ट झाली. पुढचं मला ठाऊक होतं. किंकाळी, फरशी, रक्त. मग साहेबांची खात्री पटणार, मग जागा मिळणार.

मी मनगट सोडलं.

“नाय काढणार,” मी म्हणाले. “तुमी तपासायला बसलेत ना? मंग तपासा. माझी पोर तमाशा नाय.”

“पुढचा,” साहेब म्हणाले.

बाहेर पायरीवर धसईची एक बाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. नातीला जागा मिळाली होती. मी म्हटलं, बरं झालं. तिने नातीच्या दंडावरून हात फिरवला.

“मी तिला चिमटा काढला गो,” ती म्हणाली. “वरडली, तवा घेतलं.”

ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली. मला तिचा राग आला नाही. सरकार पैसा देतं आमच्या पोरांच्या नावाने, आणि तो आमच्यापर्यंत यायला आजीने नातीला चिमटा काढायचा. राग आला तो याचा.

परतताना किन्हवलीच्या गाडीत हॉर्न वाजला. शेवंतीने समोरच्या दांड्यावर डोकं आपटलं. मूठ सुटली, भात गाडीभर सांडलं. मी सीटखाली शिरून दाणे वेचत होते आणि ढसाढसा रडत होते.

आता वर्ग सुरू झालाय. धसईच्या बाईची नात आत असते. माझी शेवंती नाही. तिला पुरतं कोणी तपासलंच नाही. दर सोमवारी मी तिला घेऊन वर्गाच्या दारात बसते. तिचे केस मागे बांधलेले असतात, कपाळ उघडं असतं. पदरात भात असतं. वर्गाच्या बाई विचारतात, का बसलीस? मी सांगते, हिची तपासणी राहिलीय. आत घ्या, शेजारी बसवा, वेळ लागेल तेवढा लावा.

शिपाई उठ म्हणतो. मी उठत नाही. तिच्या मुठीतलं भात न काढता तिला आत घेतील, त्या दिवशी उठेन.