रापणकराची चाल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईला नाही, बाबांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट माहीत नाही.

माझं काम ऐकून लोक हसतात. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत मी माणसांची चाल बघते. चोरीच्या जागी सीसीटीव्हीत चेहरा दिसत नाही, टोपी असते, रुमाल असतो. पण चालावं तर लागतंच ना? पोलीस संशयिताला चालायला लावून त्याचं चित्रण पाठवतात. मी दोन्ही चित्रणं शेजारी लावते. पाय किती फाकतो, टाच कशी टेकते, गुडघा किती वाकतो. लग्नाला गेले तरी नवरीच्या शालूऐवजी वऱ्हाडाच्या पायांकडेच माझं लक्ष. खोड आहे, काय करणार?

आमचं घर मालवणच्या किनाऱ्यावर, रापणकरांचं. रापण म्हणजे मोठं जाळं. होडीने ते समुद्रात सोडायचं आणि वाळूवरून सगळ्यांनी मिळून दोराने ओढायचं — दोर कमरेशी, टाचा रुतवून, मागे मागे जात. जन्मभर असं ओढलं की माणूस डांबरी रस्त्यावरही तसाच चालतो. चवडे बाहेर, गुडघे जरा वाकलेले, टाच दाबून. बाबा असेच चालतात. मीही चालायचे. सावंतवाडीच्या वसतिगृहात मुली माझ्यामागून तशाच चालत यायच्या आणि खिदळायच्या. मग सगळ्या जेवायला गेल्या की व्हरांड्यातल्या फरशीच्या रेघेवर मी सरळ पाऊल टाकायला शिकले. वर्षभरात चाल बदलली. केवढा अभिमान वाटला होता मला!

आता मुद्द्यावर येते — किती टाळू?

आमच्याच जिल्ह्यातल्या रेडी गावात एका शेडमधून होडीचं इंजिन चोरीला गेलं. भर दुपारी. चित्रणात पाठमोरा माणूस, डोक्यावरून टॉवेल. पकडलं होतं दाजीला — आमच्या शेजारच्या गावचा रापणकर, त्या आठवड्यात सासरी रेडीला आलेला. मी त्याला ओळखत नव्हते. दोन्ही चित्रणं लावली आणि बघतच राहिले. चाल जुळत होती. जुळणारच! माझ्या बाबांशीही जुळली असती, आणि आमच्या वाडीतल्या निम्म्या पुरुषांशीही.

खोलीत सगळे चित्रण बघत होते. एका सहकाऱ्याने उठून ती चाल करून दाखवली, तश्शी. सगळे हसले. मीही हसले. मग आमच्या वरिष्ठांनी मला विचारलं, ‘‘तुम्ही तिकडच्याच ना? तिकडे लोक असेच चालतात का?’’

एवढंच म्हणायचं होतं — हो सर, माझे बाबा असेच चालतात.

मी म्हणाले, ‘‘नाही सर. ही चाल वेगळी आहे.’’

अहवालात मीच लिहिलं, अशी चाल क्वचित आढळते. त्या वाक्यावर दाजीला जामीन नाकारला गेला. सात महिने तो आत होता. मग इंजिन दुसऱ्याच माणसाकडे सापडलं, तोही रापणकरच. दाजी सुटला. अहवालाचं पुन्हा कुणी नावही काढलं नाही. मी तरी कुठे काढलं?

मे महिन्यात घरी गेले तर किनाऱ्यावर बाबांच्या शेजारी एक काटकुळा माणूस दोर सारखा करत होता. बाबा म्हणाले, ‘‘हो बघ दाजी. तेच्या रापणीवाल्यांनी तेका परत घेतल्यानी नाय. आता आमच्यातच आसता.’’

मी चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकले. दाजी मात्र ओळख असल्यासारखा हसला.

‘‘मुंबयच्या कोणी सायबान लिवल्यान, माझी चाल येगळी म्हणान,’’ तो म्हणाला. ‘‘आता तूच सांग गो बाय, हंयसर कोणाची येगळी आसा?’’

सगळे पोट धरून हसले. बाबा तर डोळे पुसत होते. तेवढ्यात त्याची छोटी मुलगी दुडदुडत आली आणि वाळूत फतकल मारून बसली. त्याने तिला उचललं, तिच्या तळव्यांची वाळू झाडली. किती हळुवार झाडली!

‘‘ह्या पोरीन पयला पाऊल टाकल्यान,’’ तो तिच्याकडे बघत म्हणाला, ‘‘तेवा मी आत होतंय.’’

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. पोरीला त्याने बायकोकडे दिलं आणि दोर कमरेला लावला. बाबांनी मला मध्ये जागा करून दिली, दाजीच्या मागे. दोघेतिघे अजून त्या सायबाची टर उडवत होते.

तो साहेब नव्हता, दाजी. मी होते. तुमच्यापासून हातभर अंतरावर, तोच दोर ओढत, मीही तुमच्याबरोबर हसत होते.