याकूबभाईंना मी विचारलं नव्हतं

याकूबभाई गेल्याची बातमी मला माझ्या अकोल्याच्या दवाखान्यात कळली, दुसऱ्याच एका माणसाची छाती तपासताना. बाळापूरचे एक गृहस्थ खोकल्यासाठी आले होते. मी त्यांच्या पाठीला नळी टेकवून ‘श्वास घ्या’ म्हटलं, तर ते मान वळवून म्हणाले, “डाक्टरसाहेब, तुमचा तो याकूब टेलर गेला न! शुक्रवारी माती देल्ली.” मी पुन्हा म्हटलं, “श्वास घ्या.” त्यांनी घेतला. पण त्यांच्या छातीत काय वाजत होतं ते मला ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा नळी लावली, मग त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

‘तुमचा तो याकूब.’ बाळापुरात सगळे असंच म्हणत. कमरेखाली लुळा झालेला शिंपी दहा-बारा वर्षं जगला, दुकान चालवलं, दोन मुलींची लग्नं केली, आणि हे सगळं अमरावतीच्या दवाखान्यातल्या त्या तरुण डॉक्टरमुळे, अशी तिथली समजूत होती. तो तरुण डॉक्टर मी. या समजुतीत मी इतकी वर्षं आरामात राहिलो. आता याकूबभाई नाहीत, तेव्हा ती मोडायचं काम मलाच करायला हवं.

वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचणाऱ्यांची आधीच क्षमा मागतो, कारण मला लघवीबद्दल लिहायचं आहे. चारचौघांत हा विषय निघाला की माणसं दुसरीकडे बघतात. पण ज्याचा मणका मोडला आहे त्याचं सगळं आयुष्य या एका गोष्टीभोवती फिरत असतं. मेंदूकडून मूत्राशयाकडे जाणारा निरोप वाटेतच तुटतो. पिशवी भरते, भरल्याचं कळत नाही, रिकामी करता येत नाही. तुंबलेलं पाणी उलट मूत्रपिंडाकडे चढतं आणि तिथं कुजतं. त्या काळी असा माणूस पाय गेल्यानं मरत नसे, यानं मरे.

याकूबभाई आमच्याकडे आले ते बाजेवर बांधून. पावसाळ्याआधी घराची कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला चढले होते, वासा मोडला आणि पाठीवर पडले. बाळापूरहून अकोला, अकोल्याहून बडनेरा, तिथून खटाऱ्यात घालून अमरावती. मी नुकताच परीक्षा पास होऊन लागलो होतो. ते माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, पण मी त्यांना पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणत होतो. ते मला ‘तुमी’. तेव्हा त्यात मला काही गैर वाटलं नाही.

आमच्या मोठ्या डॉक्टरांना मूत्राशयाच्या मज्जातंतूंचा अभ्यास करायचा होता. अशा रोग्यांची पिशवी आकुंचन पावावी म्हणून एक नवी गोळी निघाली होती, ती खरंच चालते का ते पाहायचं होतं. दहा-बारा रोगी होते. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच खडूची. कुणाला कोणती, ते रोग्यांना कळू द्यायचं नाही. दर आठवड्याला रबरी नळी घालून बाटलीतलं पाणी पिशवीत सोडायचं आणि शेजारच्या उभ्या काचनळीत पाणी किती चढतं ते मोजायचं. हे मोजमाप माझ्याकडे होतं, आणि गोळ्यांची यादीही माझ्याच खणात होती. याकूबभाईंना खडू होता.

तिसऱ्या की चौथ्या मोजणीला ते काचनळीकडे बघत म्हणाले, “डाक्टरसाहेब, एक गंमत दाखवू काय?” आणि त्यांनी बेंबीच्या चार बोटं खाली, दोन बोटांनी, चालत्या शिलाई मशीनच्या लयीत टक-टक-टक मारायला सुरुवात केली. काचनळीतलं पाणी एकदम वर उसळलं आणि नळीच्या कडेनं लघवी सुटली.

“कधीपासून करतोस हे?”

“पंधरा दिवस झाले. एक दिवस माशी मारायले गेलो अन् कळलं. आता दर तीन तासानं मारतो. पोट हलकं होते.”

आज कुठल्याही शिकाऊ डॉक्टरला हे सांगता येईल. तुटलेल्या जागेच्या खाली मणक्याचं स्वतःचं एक छोटं राज्य शिल्लक असतं, त्याला बाहेरून हाक मारली की ते ओ देतं. मी ते पुढे परदेशी मासिकांत वाचलं. पण त्या दिवशी माझ्यासमोर एक शिंपी ते करून दाखवत होता, आणि मला काय वाटलं? मला वाटलं, झालं, याची मोजमापं बिघडली! गोळीमुळे पिशवी रिकामी होते की टिचकीमुळे, हे कसं कळणार?

मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलंही नाही. स्वतःच ठरवलं. म्हणालो, “याकूब, सहा आठवडे हे बंद कर. गोळीचं काम गोळीला करू दे.”

त्यांनी पोटावरची बोटं उचलली. “तुमाले लागते म्हणता?”

“हो. फार महत्त्वाचं काम आहे.”

“मंग जबान देल्ली.”

खडूच्या गोळीला काम करू दे, असं मी त्यांना सांगितलं होतं... यादी माझ्या खणात असताना.

त्यांनी शब्द पाळला. पाचव्या आठवड्यात हुडहुडी भरून ताप आला. कमरेच्या वर, मूत्रपिंडांच्या जागी, नुसता हात लावला तरी चेहरा पिळवटायचा. तिथं त्यांना थोडी जाणीव होती, आणि ती नसती तर बरं असं मला वाटायचं. त्यांची बायको हमीदाबी वॉर्डाच्या पायरीवर बसून असे, आणि मी दिसलो की उठून उभी राही. इंजेक्शनं दिली, नळी कायमची घालून ठेवली. ते वाचले. मूत्रपिंडं वाचली नाहीत, म्हणजे पुरती वाचली नाहीत. ती पुढे दहा वर्षं हळूहळू जात राहिली. ताप उतरल्यावर मी म्हटलं, “आता टिचकी मारायला हरकत नाही.” ते हसले. म्हणाले, “झालं काय तुमचं काम?”

झालं होतं. नागपूरला डॉक्टरांच्या एका बैठकीत आमचा अहवाल वाचला गेला. गोळी गुणकारी ठरली, खडू निरुपयोगी. टिचकीबद्दल त्यात एक ओळ नव्हती. याकूबभाईंचा आजार ‘उपचार न मिळालेल्या गटातील गुंतागुंत’ या पाच शब्दांत बसला. लोकांनी माझी पाठ थोपटली.

पुढे मी अकोल्यात दवाखाना घातला. बाळापूर जवळ, म्हणून याकूबभाईंकडे जाणं-येणं सुरू झालं. त्यांनी पायमशीनला हाताचं चाक बसवून घेतलं होतं. दुकानात गिऱ्हाईक आलं की त्याला दारातच वळून उभं राहायला सांगत आणि नुसत्या नजरेनं माप घेत. माझ्याकडे बघून एकदा म्हणाले, “तुमचा डावा खांदा उतरला, डाक्टरसाहेब. बॅग दुसऱ्या हातात घेत जा.” त्यांनी शिवलेला शर्ट पहिल्यांदाच माझ्या दोन्ही खांद्यांवर सारखा बसला. मी त्यांना ‘याकूबभाई’ आणि ‘तुम्ही’ म्हणू लागलो होतो. कधीपासून, ते आठवत नाही.

एका दुपारी दुकानात दुसरं कोणी नव्हतं. बरीच वर्षं तोंडाशी येऊन परत जाणारं मी एकदाचं बोललो. म्हणालो, “याकूबभाई, अमरावतीला तुम्हाला दिलेल्या त्या गोळ्या... त्यात औषध नव्हतं.”

त्यांनी चाक थांबवलं नाही. “मालूम हाये. खडू होता.”

“कुणी सांगितलं?”

“शिंपी हाये मी. खडू ओठात धरता धरता जिंदगी गेली. मले चव नाई कळन काय?”

“मग घेतल्या कशाला?”

“तुमी देत होते म्हणून.” मग त्यांनी चाक थांबवलं. “डाक्टरसाहेब, तुमी विचारलं असतं न, का बा याकूब, असं असं पाहाचं हाये, तुले खडू येईन का दवा येईन नशिबावर, बसतं काय माझ्यासंग? तं मी हो म्हटलं असतं. खुदा कसम, हो म्हटलं असतं. तुमची नळी तुमाले मालूम, माझं पोट मले मालूम. दोघं मिळून बसलो असतो तं कामही झालं असतं. पण तुमी विचारलंच नाई.”

ते रागानं बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. एखाद्या कापडाचा चुकलेला काप दाखवावा तसं त्यांनी दाखवलं, आणि पुन्हा चाक फिरवायला लागले.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा चेहरा सुजायला लागला. अन्न पोटात ठरेना. मी रक्त तपासायला पाठवलं, तेव्हाच काय येणार ते मला माहीत होतं. एकदा जाऊन आलो. निघताना त्यांनी माझं मनगट धरलं, म्हणाले, “जल्दी या. गोठी कराच्या हायेत.” मी म्हटलं, “पुढच्या आठवड्यात येतो.” पुढच्या आठवड्यात मी बसच्या माणसाबरोबर औषध पाठवलं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. दवाखान्यात गर्दी होती, हे खरं. पण बावीस-तेवीस कोसांवरचं गाव नव्हे ते, तासाभराचा रस्ता. मला तो चेहरा बघवत नव्हता, कारण ती सूज मी ओळखत होतो. तिची सुरुवात मी पाहिली होती. त्यांना कोणत्या गोष्टी बोलायच्या होत्या ते आता मला कधीच कळणार नाही.

बातमी कळल्यावर दुसऱ्या दिवशी बाळापूरला गेलो. हमीदाबी आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “डाक्टरसाहेब, एक सांगा मले. अमरावतीच्या त्या गोळ्या मांगं बंद झाल्या, म्हणून झालं काय हे? मी त्यायले लई डाव म्हटलं, डाक्टरले मांगून घ्या, डाक्टर नाई म्हणणार नाई. ते नुसते हसत. मी खुद येऊन तुमाले मांगाले पायजे होत्या. माझीच चुकी झाली.”

म्हणजे याकूबभाईंनी घरात सांगितलं नव्हतं. बायकोच्या नजरेत मी मोठा राहावा म्हणून त्यांनी ते पोटात ठेवलं, आणि त्यामुळे ही बाई स्वतःला दोष देत बसली होती. मी सांगितलं. खडू, टिचकी, सहा आठवडे, ताप... सगळं. सांगताना मी जमिनीकडे बघत होतो.

त्या रडल्या नाहीत. माझं संपल्यावर म्हणाल्या, “बाकीच्यायले सांगतलं काय? तिथं दुसरे बी होते न. त्यायच्या घरी बी कोणी असंच बसलं असन.”

मी म्हटलं, “नाही.”

“मंग इथं काहून बसले? जा.”

त्यांनी मला हाकललं, असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्यांनी मला कामाला लावलं. यादी माझ्याकडे अजून होती. त्यातले बरेचसे रोगी कधीच गेले होते. दोन घरं मिळालीच नाहीत. मूर्तिजापूरच्या एका घरी मुलानं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. गेल्या रविवारी तेल्हाऱ्याला गेलो. तिथले तुळशीराम याकूबभाईंच्या शेजारच्या खाटेवर होते, उलटलेल्या बैलगाडीखाली सापडलेले. यादीत त्यांच्यापुढे ‘खरी गोळी’ लिहिलेलं. आमच्या अहवालातला सर्वांत चांगला निकाल त्यांचाच होता.

तुळशीराम ओसरीवर, चाकं लावलेल्या पाटावर बसून कपाशीची सरकी निवडत होते. अंगानं चांगले भरलेले. मी सुरुवात केली, गोळ्यांबद्दल, टिचकीबद्दल. तुळशीराम मध्येच म्हणाले, “ते टिचकीचं मले मालूम हाये न. याकूबभाईनं तिथंच शिकवलं. म्हणे, मी डाक्टरले जबान देल्ली, तू नाई देल्ली. तू मारत जा, अन् डाक्टरले सांगू नको, बिचाऱ्याचं काम बिघडन. तवापासून मारून राहिलो. एक दिवस ताप नाई मले.”

ज्या निकालावर आम्ही गोळी गुणकारी ठरवली, तो निकाल असा आला होता. पण मला त्या क्षणी अहवाल आठवला नाही. शेजारच्या खाटेवर तापानं फणफणणारा माणूस आठवला... दुसऱ्याला वाचवून स्वतः माझा शब्द पाळत पडलेला.

तुळशीरामांनी सुनेला पाणी आणायला सांगितलं. मग हात झटकून, हसत माझ्याकडे वळले.

“कसे हायेत याकूबभाई? लई साल झाले भेट नाई.”

मी म्हटलं, “गेले. दीड महिना झाला.”

त्यांचा हात सरकीच्या ढिगावर तसाच राहिला. आतून सुनेनं पाण्याचा लोटा आणून ठेवला आणि ती निघून गेली. लोटा माझ्याकडे सरकवत त्यांनी विचारलं, “कशानं?”

मी जमिनीकडे पाहिलं नाही. त्यांच्याकडे बघून पहिल्यापासून सांगायला लागलो.