शिवून दिलेला आराखडा

बाइंडरकाकांना सुटे कागद बघवत नसत. कुठे चार पानं मोकळी दिसली की हात दोऱ्याकडे जायचा. घरातली विजेची बिलं शिवलेली, काकूंच्या औषधांच्या चिठ्ठ्या शिवलेल्या. मग बँकेच्या मॅडमनी मागितलेला पुढच्या वर्षाचा आराखडा त्यांनी शिवला, यात नवल ते काय?

त्या आराखड्यानं तीन आठवडे त्यांच्या नाकीनऊ आणले होते. कागद कापायचं जुनं यंत्र भरवशाचं राहिलं नव्हतं, पातं मध्येच सरकायचं. गेल्या महिन्यात त्यानं काकूंच्या बोटाचं नख नेलं. दुसऱ्या दिवशी त्या पट्टी बांधून पुन्हा यंत्रापुढे उभ्या, आणि काकांना ते बघून जेवण जाईना. नव्या यंत्राला कर्ज हवं होतं. ते याच वर्षात बसवायचं तर कागद आज चारच्या आत द्यायचे होते.

"पुढच्या सहा महिन्यांत किती पुस्तकं बांधाल?" मॅडमनी मागे विचारलं होतं.

"लोक आणतील तेवढी."

हे उत्तर रकान्यात मावेना. शेवटी काकांनी अंदाज ठोकून दिले, चाळीस पानं भरली, आणि सकाळी अकराला निळ्या कापडी पुठ्ठ्याचं, सोनेरी अक्षरांचं पुस्तक मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

मॅडमनी ते उलटसुलट पाहिलं. "सुंदर आहे, काका. पण हे स्कॅनरमध्ये कसं घालू? मला सुटी पानं लागतात. शिवाय सातव्या पानावर भाडं दोनदा धरलंय, ते पान बदला."

"उघडून काचेवर ठेवा ना एकेक पान."

"चाळीस वेळा? माझ्यासमोर अजून अकरा फायली आहेत. सुटी करून आणा."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर लोक सुटं आणून बांधून न्यायचे. बांधलेलं सुटं करा म्हणणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

दुकानात येऊन त्यांनी आधी सातवं पान नव्यानं लिहिलं. मग टाके उसवायला घेतले, तर दोरा हलेना. दुहेरी मेणाचा दोरा, वर सरस. स्वतःच्याच हाताला शिव्या घालायची पाळी आली.

"हात दाखवून अवलक्षण," काकू म्हणाल्या. "सरका, कणाच कापून टाकते."

"तू लांब राहा. मी कापतो."

त्यांनी पुस्तक यंत्रात धरून दांडा ओढला. पातं नेहमीप्रमाणे सरकलं, काकांच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावरून गेलं, आणि चाळीसही पानं तिरकी कापली गेली. समास रुंद ठेवला होता म्हणून अक्षरं तेवढी वाचली. काकूंनी आधी त्यांचा अंगठा धरून बघितला.

साडेतीनला बँकेत ती पानं स्कॅनरनं दोनदा चावली आणि दोनदा बाहेर टाकली. मॅडमनी कपाळाला हात लावला. "हे कशानं कापलंत?"

"ज्याच्याबद्दल दीड पान लिहिलंय, त्यानंच."

मॅडमनी एक पान हातात धरून त्या तिरक्या कडेवरून बोट फिरवलं. मग उठून चाळीसही पानं एकेक करून काचेवर ठेवली. परत येऊन 'यंत्राची गरज' या मथळ्याखालचं काकांचं दीड पान वाचायच्या भानगडीत त्या पडल्याच नाहीत. शिफारशीच्या रकान्यात त्यांनी एकच ओळ लिहिली:

"सोबतच्या पानांची कड पाहावी."