पांदणीत बसलेली गाडी

विजेवर चालणारी उंच मोटार घेतली तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. नागपुरात राहणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या बाईला जमिनीपासून एवढं वर उचललेली गाडी कशाला? कारण होतं. रामटेकजवळच्या वडिलांच्या शेतात दादाइतकाच माझाही वाटा आहे. वडील गेल्यापासून दादा मात्र दरवर्षी एकच सांगायचा, "पांदण लय खराब हाय, तू नको येऊ. तांदूळ पाठवतो." शेताकडे जाणाऱ्या त्या कच्च्या वाटेचं निमित्त मला पुरेपूर कळत होतं. म्हणून जाहिरातीत दगडधोंड्यांवर चढणारी गाडीच मी घेतली.

धानाची रोवणी सुरू झाली आणि मी न सांगता निघाले. सुरुवातीला गाडीनं जीव खूश केला. खाचखळगे, वर आलेले दगड, कशालाही खाली न घासता ती गुमान पुढे जात होती. दादाचं तोंड कसं होईल, याचाच मी विचार करत होते. मग काळ्या चिखलाचा पट्टा आला. शहरी टायरांत माती लिंपून बसली, चाकं जागच्या जागी फिरली आणि बॅटरीचं सगळं वजन घेऊन गाडी म्हशीसारखी खाली बसली. नुसत्या उंचीनं काही होत नाही. चिखलात टायर चांगले लागतात आणि वजन कमी लागतं. जाहिरातवाले हे सांगणार नाहीत, मी सांगते.

कुणीतरी निरोप दिला असावा, दादा ट्रॅक्टर घेऊन आला. बाजूच्या बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या धानाच्या तुकड्यात, रोवणी करणाऱ्या बाया पाहत होत्या, त्यामुळे त्याला जोरच चढला.

"काहून वं, म्या म्हटलं होतं ना? ही गाडी वावरात येत नाही. मांगं ओढून देतो, घरी जाय."

"मांगं नाही ओढायचं. राहू दे गाडी इथंच."

"अन् तू?"

मी चपला हातात घेतल्या, सलवार वर खोचली आणि चिखलात उतरले. राग एवढा आला होता की घसरण्याची भीती वाटायला जागाच नव्हती.

"सातबाऱ्यावर गाडीचं नाव नाही, दादा. माह्यं हाय."

बायांनी सरकून मला जागा दिली, एकीनं रोपांची पेंडी हातात ठेवली. माझ्या ओळी वाकड्या आल्या. पुढच्या वर्षीही वाकड्याच येतील, कारण मी येणारच आहे, गाडी डांबरी सडकेवर ठेवून, पायी.