गोमूत्रात विरघळलेले बैल

मी केलेल्या बैलांवर काकूंनी गोमूत्राचं पाणी शिंपडलं. थेंबभर नाही. तांब्या रिकामा होईपर्यंत.

सिन्नरजवळच्या आमच्या गावात पोळ्याला मातीचे बैल पुजतात. ज्यांच्या गोठ्यात आता ट्रॅक्टर उभा असतो, तेही पुजतात. मी तेव्हा सहावीत. आमची वस्ती गावाबाहेर. चिकणमाती मळून मी बैल करायचे. ज्वारीच्या दाण्यांचे डोळे, बाभळीच्या काट्यांची शिंगं. पूजा झाली की चिपाडाच्या गाडीला जुंपून आम्ही पोरं ते खेळायला घ्यायचो.

आई ज्यांच्या वावरात खुरपायला जायची, त्या काकूंनी निरोप धाडला, आमच्यासाठीपण जोडी आण. मी हरखले. एका रात्रीत वाळणार नाही म्हणून दोन दिवस आधीच केली.

"तिथंच ठेव. पायरीखाली," काकू म्हणाल्या. आणि तांब्या घेऊन आल्या.

कच्ची माती ती. आधी कान गळाले. मग पाय बसले. डोळे वाहून गेले. माझ्या हाताचा विटाळ धुवायला गेल्या आणि देवच धुऊन बसल्या. त्या पिवळ्या चिखलाचा वास आठवला की अजून ओकारी येते.

काकूंची लेक मोबाइल धरून उभी होती. 'आम्ही घरी बनवलेले बैल' असा व्हिडिओ तिला टाकायचा होता. ती फणकारली, "मम्मी, आता काय शूट करू? शेण?"

काकू माझ्यावरच उखडल्या. "कच्चेच आणले व्हय गं? पळ, दुसरी जोडी आण."

"आणते. पण पाणी नाय शिंपडायचं."

"मग काय तसेच देव्हाऱ्यात घेऊ?"

"तर नाय आणत."

माझ्याबरोबर आलेल्या आईनं मागून माझा दंड आवळला. "गप. उद्या त्यांच्याच वावरात जायचंय." मी दंड सोडवून घेतला आणि घरी निघाले.

त्या वावरातलं आईचं काम तुटलं. आई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तरी मला पश्चात्ताप नाही.

आज मी नाशिकला कॉलेजात शिकते. पोळा आला की काकूंचा फोन येतो, "तुझ्यासारखे बैल कुणाला जमत नाय गं." या कौतुकाची मला त्या तांब्याइतकीच किळस येते. हिला माझी कला घरात हवी. मी पायरीखाली.

वस्तीतल्या पोरांना मी बैल करायला शिकवते. खेळायला. आणि बजावून सांगते, आपला बैल आपल्याबरोबर उंबऱ्याच्या आत जाईल. नाहीतर त्या घरात जाणारच नाही.