बाळू, पिंट्या, मनी आणि सहा बटणं

ज्याला आजवर कुणीही, कुठेही, कशातही फसवू शकलेलं नाही असा अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि माझं नशीब असं की मी त्याच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. आमचे घरमालक काका वजनं-मापं तपासणाऱ्या खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले, असं निदान कागदोपत्री तरी आहे. प्रत्यक्षात ते पिशवी घेऊन बाजारात शिरले की भाजीवाले अजून सरळ होऊन बसतात आणि तराजूच्या पारड्याखाली जे काही चिकटवलेलं असेल ते हळूच खिशात घालतात. टेप, भिंग आणि पितळेचं शंभर ग्रॅमचं एक वजन ही त्यांची खिशातली कायमची मंडळी. मी खोली बघायला आलो तेव्हा "दहा बाय बारा हाये" एवढं सांगून त्यांचं भागलं नाही. टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन त्यांनी ती मोजली. भरली नऊ फूट अकरा इंच. "सांगतली दहा अन् निघाली एक इंच कमी. माफ करा मास्तर, माह्यी चूक हाये," असं म्हणून त्यांनी चक्क हात जोडले. मी बाभुळगावच्या शाळेत रोज अपडाउन करणारा माणूस, मला पाठ टेकायला जागा हवी होती, इंचाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. पण अजूनही कुणी पाहुणा आला की ते माझ्यासमोर त्याला सांगतात, "या मास्तरले मी एक इंच कमी देल्ला."

या गृहस्थांचे कायदे पुष्कळ. त्यांतला सगळ्यांत कडक कायदा सेलचा. "रिकाम्या वस्तूत सेल ठेवला का त्याले पानी सुटते, अन् पानी सुटलं का वस्तू मेली." त्यामुळे त्यांच्या घरात वापर संपला की वस्तूतून सेल निघालाच पाहिजे. टॉर्चचे सेल टॉर्चमध्ये नसतात; स्वयंपाकघरातल्या फडताळावर स्टीलच्या डब्यात असतात. वीज गेली की आधी अंधारात चाचपडत डबा शोधायचा, मग टॉर्च शोधायचा, मग एकाची दुसऱ्याशी गाठ घालायची, आणि तोवर वीज आलेली असते. पांढरकवड्याला एका लग्नाला दोन दिवस जायचं होतं तर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचासुद्धा सेल काढून ठेवला. परत आले तेव्हा घड्याळात साडेनऊ. "पाहा, आपन किती वाजता निघालो होतो त्याचा पुरावा," असं ते बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, कौतुकाने म्हणाले. काकूंनी देवाकडे पाहिलं. त्या घरात देवाकडे पाहण्याचे प्रसंग बरेच येतात.

आता रिमोटचं सांगतो. काका-काकूंना तीन मुलं, आणि तिघंही बाहेरगावी. थोरला बाळू पुण्यात, मधला पिंट्या हैदराबादेत, धाकटी मनी लग्न होऊन नांदेडला. तिघांनी निरनिराळ्या दिवाळ्यांना आईबापांसाठी एकेक वस्तू आणली. बाळूने टीव्ही आणला. त्या टीव्हीचा आवाज आईला ऐकू येत नाही म्हणून पिंट्याने पुढच्या वर्षी आवाजाचा लांबडा डबा आणून टीव्हीखाली ठेवला. मनीने छतावर डिशची छत्री बसवून घेतली आणि खाली तिचा चौकोनी डबा आला. पोरं दोन दिवस राहून गेली. मागे तीन रिमोट राहिले. काकूंनी त्या तिन्ही रिमोटांना पोरांचीच नावं दिली, आणि घरात ती रुळली. "मनीले आधी दाबा, मंग बाळूले." "पिंट्याचा आवाज कमी करा वो, डोकं दुखून राह्यलं." मी नवा राहायला आलो तेव्हा काकूंचा आवाज जिन्यातून ऐकला होता, "पिंट्या ऐकत नसन तं त्याले पाठीवर दोन रट्टे द्या," आणि मी शिक्षक असल्यामुळे मला फार वाईट वाटलं होतं. काका रोज सकाळी तिघांत सेल घालायचे आणि रात्री काढून घ्यायचे.

हे सगळं सुखाने चाललं असतं; पण काकूंचे डोळे गेले. शुगरने आतला पडदा खाल्ला आणि नागपूरच्या डॉक्टरांनीही हात टेकले. आता त्यांना माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून कळतं. टीव्हीवर त्यांना पाहायचं असं काही नव्हतंच. त्यांना सात वाजताच्या बातम्यांनंतरचं हवामान ऐकायचं असे. पुण्याला पाऊस, हैदराबादला ढगाळ, नांदेडला ऊन. तेवढं ऐकलं की त्या समाधानाने भाकरी टाकायला उठत. "पुन्याले पाऊस सांगतला. बाळूनं छत्री नेली असन का नाई, देव जाने." फोन पोरांचे यायचे, नाही असं नाही, पण पोरं फोनवर कामाचं बोलतात, आणि हवामान रोज बोलतं.

एके संध्याकाळी काका कुठल्याशा दुकानदाराशी वाद घालत दोन तास बाहेर अडकले. मी शाळेतून आलो आणि ते आले, दोघं एकदमच दारात. आत काकू खुर्चीवर पदर सावरून बसलेल्या, आणि समोर टीव्हीचा नुसता निळा पडदा. त्यांनी मनीच्या जागी बाळू दाबला होता, मग पिंट्या, मग पुन्हा बाळू, आणि काय झालं ते न कळून तशाच बसून राहिल्या होत्या. काका म्हणाले, "काय वं, काहून बसली अशी?" त्या म्हणाल्या, "काई नाई, आता लागनच म्हनून वाट पाहून राह्यली." काकांनी त्या रात्री जेवताना चटणी मागितली नाही, आणि चटणीशिवाय जेवणारा हा माणूस नव्हे. सकाळी जिन्यातून मला हाक आली. "मास्तर, तिघाईचं काम एकच करन असा रिमोट भेटते म्हनते बाजारात. चला. पंच पाह्यजे."

पंच म्हणजे मी. इन्स्पेक्टर साहेब पंचाशिवाय तपासणी करत नाहीत. पुढचे कितीतरी रविवार मी त्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर, मांडीवर वायरची पिशवी घेऊन काढले, आणि पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले बाळू, पिंट्या, मनी. दुकानदार विचारायचा, "काका, टीव्ही कोन्त्या कंपनीचा?" काका सांगायचे, "बाळूनं आनला." तपासणीची रीत ठरलेली. आधी रिमोट तळहातावर, दुसऱ्या तळहातावर पितळी वजन. "हलका हाये. आत काई नाई याच्या." मग टेपने बारा फूट मोजून दुकानदाराला लांब उभं करायचं, कारण काकूंच्या खुर्चीपासून टीव्ही बारा फूट आहे. मग प्रत्येक बटण दहादा. एका दुकानात साठ बटणांचा रिमोट दाखवला. काका मला म्हणाले, "लिहा. नापास. हे रिमोट हाये का ज्वारीचं कनीस?" लोहारा भागातल्या एका दुकानदाराने 'युनिव्हर्सल' म्हणून जो दिला तो घरी नेऊन पाहिला तर मनीच्या डब्याला ओळखेचना. काका परत दुकानात जाऊन भडकले. "साऱ्या विश्वाचं नाव लावते अन् माह्या पोरीचा डबा ओळखत नाई! खोटं माप हाये हे." दुकानदाराने पाणी आणून दिलं, काकांनी आधी पेला किती मिलीचा ते पाहिलं.

शेवटी एका शहाण्या दुकानदाराने शिकणारा रिमोट दाखवला. नवा आणि जुना एकमेकांसमोर नाकाला नाक लावून ठेवायचे, जुन्याचं बटण दाबायचं, की नवा ते शिकतो. काकांना ही कल्पना फार आवडली. दुकानदार अर्धा तास बाळू दाबत होता, पिंट्या दाबत होता, मनी दाबत होता, नवा ढिम्म. "काका, तुमचे तीनही मेले हायेत," असं त्याने म्हणताच काकांचा चेहरा असा उतरला की मलाच कसंतरी झालं. मग त्याने मागचं झाकण उघडलं. आत सेलच नाहीत! काका उलट त्याच्यावरच उखडले. "रस्त्यानं सेल टाकून कोन फिरते? गचक्यानं पानी नाई सुटनार?" दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी पंच, मी छताकडे पाहिलं. आणि त्या रिमोटलाही एकोणचाळीस बटणं होती, तेव्हा तोही नापासच.

असे महिने गेले. रोज सात वाजता काका असतील तिथून स्कूटर हाणत घरी येत आणि काकूंना टीव्ही लावून देत. ते नसले तर मी खाली उतरायचो. काकू हसून म्हणायच्या, "तुमच्या काकाचा रिमोट येईस्तोवर माहे कानबी जाईन, मास्तर." एका रविवारी मात्र माझं टाळकं सटकलं. म्हटलं, "काका, काकूंना फक्त हवामान ऐकायचंय! तुम्हाला काय रिमोटवर विमान उडवायचंय का? घ्या की कुठलाही!" काकांनी स्कूटर बाजूला घेतली, बंद केली. मला वाटलं, आता माझी ती एक इंच कमी असलेली खोलीही जाते. ते समोर पाहत हळू म्हणाले, "चुकीचा घेतला तं ती मले सांगनार नाई, मास्तर. लागते म्हनन. अन् मी बाहीर गेलो का त्या निळ्यासमोर बसून राहीन." त्यानंतर मी पिशवी मुकाट्याने मांडीवर घेतली.

सापडला तो बाभुळगावच्या आठवडी बाजारात. उंदराचे पिंजरे, कंगवे, चार्जर विकणाऱ्या एका बाईच्या हातगाडीवर मला तो दिसला: तळहाताएवढा, आणि त्याला मोजून सहा बटणं, बोरं असावीत तेवढी. शिकणारा. मी काकांना फोन केला. ते तासाभरात हजर, आणि या वेळी सेलचा डबाही सोबत. त्यांनी वजन काढलं नाही, टेप काढली नाही. रिमोट हातात घेतला, भर बाजारात डोळे मिटले आणि अंगठा एकेका बटणावरून फिरवू लागले. "हे वरचं. हे खालचं. हे आवाजाचं..." पुन्हा, पुन्हा. लोक जमले. कुणीतरी ओरडलं, "बुढ्याले चक्कर आली वो, पानी आना!" गाडीवाली बाई कावली, "घ्याचा तं घ्या ना बाबा, तपासाले काय सोनं हाये?" काकांनी डोळे उघडले. लाल झाले होते. "लिहा मास्तर," ते म्हणाले, "पास."

त्या संध्याकाळी बैठकीत शाळा भरली. चादरीवर नवा ठेवला आणि त्याच्यासमोर पाळीपाळीने एकेक पोर. चालू-बंद बाळूने शिकवलं, आवाज पिंट्याने, चॅनल आणि डब्याचं बटण मनीने. नव्याचा लाल दिवा लुकलुकला की काकू विचारायच्या, "शिकला?" काका म्हणायचे, "शिकला." शेवटी काकूंनी कपाळावरची मखमली टिकली काढून पहिल्या बटणावर चिकटवली, खुर्चीत बसल्या, आणि कुणालाही हाक न मारता स्वतः टीव्ही लावला. नांदेडला चाळीस अंश. "बाप्पा, मनीले घाम फुटला असन," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघं उगाचच मोठ्याने हसलो.

मग तिन्ही जुने रिमोट मधल्या खोलीतल्या शोकेसच्या खणात गेले. काका आता सातला पळत येत नाहीत. कधी कधी सातच्या सुमाराला ते चौकात पानठेल्यापाशी घड्याळ बघत उभे दिसतात. पळायची सवय आहे, काम उरलेलं नाही.

परवा रविवारी माझं घड्याळ बंद पडलं म्हणून मी सेल मागायला खाली गेलो. काका अंघोळीला होते. काकू म्हणाल्या, "खनात पाहा ना मास्तर." खणात तिघं प्लॅस्टिकमध्ये शेजारी शेजारी निजलेले. सहज बाळूचं झाकण उघडलं. आत दोन सेल, नवेकोरे. पिंट्यात दोन. मनीत दोन. टॉर्चमधला सेल रोज काढून घेणाऱ्या माणसाच्या घरात, महिनोन् महिने न लागणाऱ्या वस्तूत! एवढ्यात पंचा गुंडाळलेले काका दारात. मी म्हटलं, "काका, पाणी सुटेल ना."

चोरी पकडल्यासारखे ते उभे राहिले. मग आले, माझ्या हातून बाळू घेतला, झाकण लावलं आणि पंच्याच्या टोकाने पुसला. "दिवाळीले येतो म्हनून राह्यले तिघंबी," ते म्हणाले. "आल्यावर आपापला हातात घेतील. दाबला अन् लागला नाई, तं बरं दिसते काय?" मागच्या दिवाळीलाही ते येणार होते. "दर आइतवारी उघडून पाह्यतो ना मी. पानी नाई सुटू देत. फक्त हिले नका सांगू," ते अगदी खालच्या आवाजात पुटपुटले, आणि पिंट्याला पुसायला घेतलं.

बैठकीतून, टीव्हीच्या आवाजातून, काकू म्हणाल्या, "अवो, मनीलेबी पाह्यजा. घाईत तिचंच राहून जाते."

काकांनी पिंट्या खाली ठेवला, मनी उचलली. "पाहून राह्यलो," ते म्हणाले. मी सेल न मागताच वर आलो. माझं घड्याळ त्या दिवशी बंदच राहिलं.