ओट्सच्या वड्यांवरचं बाळंतपण

कपडे वाळवायच्या मशीनला एक जाळी असते. ती काढून झाडायची, आणि पुढच्या वेळी बघावं तर पुन्हा तेवढाच कपड्यांचा भुगा साठलेला. आपण काही तो गोळा करायला जात नाही. अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या त्या हिवाळ्यातले किस्से माझ्याकडे असेच साठले. इथे डेअरीसमोरच्या कट्ट्यावर मित्र विचारतात, "आबा, अमेरिका कशी आहे?" मला अमेरिका काही फारशी माहीत नाही. एक स्वयंपाकघर, एक लाँड्रीची खोली आणि एक हॉस्पिटल एवढंच मी पाहिलं. तेवढंच सांगतो.

*

सुजाता माझी एकुलती एक मुलगी. तिचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि सांगितलं, बाळंत होईपर्यंत पलंगावरून उठायचं नाही. बाथरूमला तेवढं जायचं, तेही हळू.

बाळंतपणाला मुलीची आई जाते. सुजाताची आई त्याआधीच गेलेली. जावई महेशराव मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, पण तिथे त्या वर्षी माणसं कमी करणं चाललं होतं. रजा मागायची सोय नव्हती. मग मी गेलो. सातवीपर्यंत शिकलेला, दुधाची गाडी चालवून रिटायर झालेला माणूस.

त्या अपार्टमेंटमध्ये बाळंतपणाला आलेल्या आयांचा एक कंपूच होता. दुपारी त्या खालच्या लाँड्रीच्या खोलीत जमायच्या. मशीनं फिरत असायची आणि ह्यांच्या गप्पा चालू असायच्या. पहिल्या दिवशी मी कपड्यांची बास्केट घेऊन आत शिरलो आणि बोलणं एकदम थांबलं. त्यांच्या पुढारी पुण्याच्या लेलेकाकू. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कोणाकडे आलात?"

"मुलीकडे. बाळंतपणाला."

"आणि वहिनी?"

"ती नाही आता."

काकूंनी बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बसा," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "डिंक आणलात का?"

"नाही."

"आळीव?"

"नाही."

"मग आलात कशाला?"

*

खरी अडचण डिंकाची नव्हती. सुजाताला फोडणीचा वास सहन होत नव्हता. इकडे मोहरी तडतडली की तिकडे पलंगावर ती तोंड दाबून धरायची. वरण नको, भात नको, भाकरीचं तर नाव काढायचं नाही. दर तपासणीला वजन तेवढंच. एकदा तर कमीच भरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईच्या पोटात काही गेलं नाही तर बाळ वाढणार कसं?

त्याच आठवड्यात समोरच्या घरातली मार्था एक डबा देऊन गेली. मार्था माझ्याच वयाची, एकटी राहायची. डब्यात चौकोनी वड्या होत्या. खाली ओट्स, वर ओट्स, मध्ये आंबटगोड फळांचा थर. सुजाताने कोपरा मोडून तोंडात टाकला. महेशराव आणि मी तिच्या तोंडाकडे बघत उभे. तिने आणखी एक तुकडा मोडला.

महेशराव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आबा, बघू नका. आपण बघितलं की ती थांबेल."

मग सासरा आणि जावई, दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. मागून डब्याचं झाकण वाजलं. कोणी वळलं नाही.

*

रोज दुसऱ्याच्या दारात कुठे मागायला जाणार? सुजाताने मार्थाला फोन केला, माझ्या वडिलांना शिकव म्हणून. ती म्हणाली, उद्या सकाळी येते, ओव्हन आधी तापवून ठेवा.

सकाळी सुजाताने पलंगावरूनच सांगितलं, कुठलं बटण, किती फिरवायचं. मी फिरवलं आणि बटर काढायला फ्रिजकडे गेलो. आता, आपल्या लोकांच्या घरात ओव्हन म्हणजे कपाट असतं हे मला माहीत नव्हतं, आणि तिच्याही लक्षात राहिलं नव्हतं. आत कढई, तवा, चाळणी आणि पोळ्यांचे प्लॅस्टिकचे डबे एकात एक घालून ठेवलेले.

धूर आला, आणि छतावरचा अलार्म असा किंचाळायला लागला की मला काही सुचेना. मी ओव्हन बंद केला, वळलो, तर सुजाता स्वयंपाकघराच्या दारात उभी. धावत आली होती.

अलार्म वाजत राहिला. मी तिला धरून परत नेलं, आडवं केलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि वर बघत राहिली. तेवढ्यात मार्था आली. तिने खिडक्या उघडल्या, अलार्मखाली टॉवेल हलवत राहिली, आवाज बंद पडला. मग तीही येऊन पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. घरात इतकी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही.

"हललं," सुजाता म्हणाली.

मार्थाला शब्द कळला नसेल, पण ती खुर्चीत बसली. नंतर स्वयंपाकघरात जाऊन तिने तव्याला चिकटलेला डबा पाहिला आणि तिथूनच काहीतरी विचारलं. सुजाता त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

"काय म्हणते?"

"म्हणते, मग कपडे फ्रिजमध्ये ठेवता का?"

*

शिकवायला मार्थाने उशीर लावला नाही. ओट्स आणि मैद्यात गार बटर बोटांनी चोळायचं. ते मला जमलं. शंकरपाळ्यांना मोहन घातलं की माझी बायको पिठाची मूठ वळून बघायची, इथेही तसंच. मूठ वळली की झालं. अर्धं ट्रेमध्ये दाबून बसवायचं, वर शिजवून घट्ट केलेली फळं, आणि उरलेलं पीठ त्यावर भुरभुरायचं.

हात चालू असताना मार्था बोलत होती. मीही बोलत होतो. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही, पण बोलणं छान चाललं होतं. मध्ये ती थांबली, मनगटाने डोळे पुसले. मग मीही थोडा थांबलो. पुन्हा सुरू झालो.

ती गेल्यावर सुजाताने हाक मारली. "आबा, काय बोलत होतात एवढं?"

"वड्यांचंच, दुसरं काय?"

"ती तिच्या नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांचं सांगत होती."

मी बोटांना चिकटलेलं पीठ खरवडत राहिलो.

"आणि तुम्ही आईचं सांगत होतात," ती म्हणाली. मग नाक ओढत म्हणाली, "ओव्हनकडे कोण बघत होतं?"

वड्या खालून पार करपल्या होत्या. तिने वरवरचं खरवडून खाल्लं.

*

नंतर हात बसला. एक दिवसाआड ट्रे लावायचो. कधी स्ट्रॉबेरी, कधी ब्लूबेरी. वजन थोडं थोडं वर सरकायला लागलं, पण डॉक्टरीणबाई अजून मान डोलावत नव्हत्या.

एकदा महेशराव ऑफिसमधून येताना घाईत वेगळीच फ्रोझन फळांची पिशवी घेऊन आले. पिवळे तुकडे, केशरी तुकडे. मला वाटलं आंबा असेल. लिंबू पिळून शिजवलं, वड्या केल्या. सुजाताने दोन खाल्ल्या आणि झोपली. मी उरलेल्या लाँड्रीत घेऊन गेलो. आता तिथे माझी जागा ठरलेली होती.

लेलेकाकूंनी एक तोंडात टाकली. चावता चावता थांबल्या.

"आबा, ह्यात काय घातलंत?"

"फळं."

"कुठली?"

मी वर जाऊन कचऱ्यातली रिकामी पिशवी घेऊन आलो. काकूंनी चष्मा लावला. घड्या घालणारे सगळे हात थांबले.

"आंबा," काकूंनी वाचलं. "अननस." मग आवाज एकदम खाली आला. "पपई."

आपल्याकडे गरोदर बाईच्या समोरसुद्धा पपई कापत नाहीत. मी बाक धरून बसलो.

"किती खाल्ल्या तिने?"

"दोन."

"तिला सांगू नका. भीतीनेच काहीतरी व्हायचं. महेशचा नंबर सांगा."

काकूंकडे लेकीचा मोबाइल असायचा. त्यांनी महेशरावांना फोन लावला, त्यांनी डॉक्टरीणबाईंना. आम्ही उत्तराची वाट बघत बसलो. मशीनं थांबली तरी कोणी कपडे काढले नाहीत. मी दोनदा वर जाऊन आलो. दाराच्या फटीतून बघायचो, सुजाताचा श्वास चाललेला दिसला की खाली यायचो.

शेवटी फोन वाजला. काकूंनी तो माझ्या हातात दिला.

"आबा," महेशराव म्हणाले, "पिकलेलं आहे, शिजवलेलं आहे, काही होत नाही म्हणाल्या. पण त्यांनी विचारलंय, तिने खरंच दोन खाल्ल्या?"

"हो."

"मग म्हणाल्या, अजून दोन द्या."

मी सगळ्यांना सांगितलं. बायांनी श्वास सोडला. काकू मात्र विचार करत बसल्या होत्या.

"डॉक्टर अमेरिकन आहे. तिला पपईचं काय कळणार?" असं म्हणून त्यांनी सगळ्या वड्या उचलून आपल्या पिशवीत भरल्या. "ह्या मी नेते. मला आता कसली भीती?"

*

टाका काढायची तारीख जवळ आली होती. तारखेच्या आधीच, बर्फ पडत असताना, दुपारी सुजाताने हाक मारली. आवाजावरूनच मला कळलं.

तिने स्वतःच फोन करून अँब्युलन्स बोलावली, मग महेशरावांना कळवलं. ते निघाले, पण हायवे तुंबला होता. मी तिच्याबरोबर मागे बसलो. हॉस्पिटलमध्ये नेल्या नेल्या डॉक्टरीणबाईंनी टाका कापला आणि म्हणाल्या, आता हे थांबणार नाही. दिवस भरायला अजून महिना होता.

एक नर्स माझ्याकडे बघून काहीतरी बोलली.

"आत कोण येणार विचारतेय," सुजाता म्हणाली.

"मी बाहेर बसतो, पोरी. महेशराव येतीलच." आमच्याकडे बाप बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशीसुद्धा जात नाही.

"मागच्या वेळी आत मी एकटीच होते, आबा."

मी नर्सपुढे दोन्ही हात केले. तिने त्यात निळा गाऊन चढवला.

कळ आली. सुजाताने माझी बोटं धरली. "काहीतरी बोला."

मी मुळात कमी बोलणारा. तिची आई असती तर किती बोलली असती.

"बोला ना, आबा. काहीही."

"दोन वाट्या ओट्स," मी म्हणालो.

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. बोटं सोडली नाहीत.

"एक वाटी मैदा. साखर. चिमूटभर मीठ. बटर गार हवं. चोळत राहायचं, घाई करायची नाही." ती कळ गेली. दुसरी आली, मी पुन्हा ओट्सपासून सुरू केलं. तिसरीला, चौथीला, तेच. मध्ये नर्सने सुजाताला काहीतरी विचारलं, सुजाताने दात आवळून उत्तर दिलं. नर्सने विचारलं होतं, ही प्रार्थना आहे का? सुजाता म्हणाली होती, हो, त्यांना थांबवू नका. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की मी ओट्स म्हटलं की ती नर्स मान खाली घालते.

मग बाळाच्या ठोक्यांचं मशीन होतं त्याचा आवाज बदलला. टकटक एका लयीत चालली होती, ती मंद झाली. डॉक्टरीणबाईंचं बोलणं तुटक झालं. आणखी दोन माणसं आत आली, कोपऱ्यात बाळाला ठेवायची एक छोटी गाडी ढकलत आणली. मी विचारायचं कोणाला? मी भरभर बोलायला लागलो. "ओट्स, मैदा, मीठ, बटर. मूठ वळली की अर्धं खाली दाबायचं, वर फळं, उरलेलं भुरभुरायचं, मग ओव्हनमध्ये—"

"साखर राहिली, आबा," सुजाता म्हणाली, आणि सगळा जोर लावला.

बाळ आलं. आवाज आला नाही.

त्यांनी ते उचलून कोपऱ्यातल्या गाडीवर नेलं. मला फक्त पाठी दिसत होत्या. सुजाताने तिकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती.

"घातली," मी म्हणालो. "साखर घातली, पोरी."

कोपऱ्यातून रडणं ऐकू आलं.